बांधीतलं शरीरशास्त्र

एएनएमच्या (सहायक परिचारिका प्रसविका अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाला 'मानवी शरीर आणि स्वच्छता' असा एक भाग असतो. तास मोजके, मजकूर भरमसाट. आधी पेशी, मग ऊती, मग एकामागून एक संस्था. मी तो बरीच वर्षं शिकवते आहे. समोर बसलेल्या पोरी साकोली, लाखनी, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव अशा धानपट्ट्यातल्या. बारावी झालेल्या, त्यातल्या पुष्कळ कला शाखेच्या. पेशीची आकृती त्या सुरेख काढतात. केंद्रक निळं, तंतुकणिका लाल, नावांच्या रेघा पट्टीने आखलेल्या. आणि तासाच्या शेवटी विचारावं की हाड जिवंत असतं का, तर अर्धा वर्ग ठामपणे म्हणतो, "नाही जी मॅडम."

वर्गातला सांगाडा रोज पाहून त्यांचं तसं मत झालं तर नवल नाही. आता तो प्लास्टिकचा असतो. एके काळी जगभरच्या वैद्यकीय शाळांना खरे सांगाडे जायचे ते मोठ्या प्रमाणावर आपल्याकडून, कलकत्त्याहून. १९८५ मध्ये भारत सरकारने ती निर्यात बंद केली. प्लास्टिकचा असो की खरा, खुंटीला टांगलेला सांगाडा म्हणजे सुकलेलं हाड. जिवंत हाडात रक्तवाहिन्या असतात, नसा असतात, आतल्या लाल मज्जेत रक्तपेशी तयार होत असतात आणि हाड स्वतः सतत थोडं झिजवून पुन्हा बांधलं जात असतं. हे सगळं फळ्यावर सांगून होतं. सांगितलेलं पोचतंच असं नाही.

हा विषय उलट्या टोकाने शिकवायला हवा, असं माझं मत आहे. आधी काम करणारं शरीर, मग त्यात कुठल्या संस्था गुंतल्या आहेत ते, मग ऊती, आणि पेशी सगळ्यांत शेवटी. कुठल्या प्रशिक्षणात हे ऐकलेलं नाही. ते एकोडीला, धानाच्या लावणीच्या म्हणजे रोवणीच्या दिवसांत सुचलं आणि पुढच्या प्रत्येक तुकडीबरोबर पक्कं होत गेलं.

एकोडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातलं धानाचं गाव. आमच्या पोरींची ग्रामीण पोस्टिंग त्या भागात असते. आषाढ लागून पाऊस धरला की चिखलणी होते, पऱ्हे (रोपं) उपटून जुड्या बांधल्या जातात आणि सकाळी सातच्या आत बाया बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यात उतरतात. त्या दिवसांत गृहभेटीला गेलं तर घराला कडी असते. ओट्यावर एखादी म्हातारी आणि दोन शेळ्या. वहीतले रकाने भरायचे तर माणसं हवीत, आणि माणसं सगळी शेतात. म्हणून आम्ही धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जायला लागलो. सुरुवातीला केवळ रकान्यांसाठी.

रोवणी ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पोटरीपर्यंत चिखल, कंबरेतून पूर्ण वाकलेलं अंग, डाव्या हातात जुडी, उजव्या हाताने दोन-तीन रोपं वेगळी करून चिखलात खोचायची आणि मागे मागे सरकत जायचं. गुडघे जवळपास सरळ. दुपारच्या जेवणापर्यंत कोणी फारसं उभं राहत नाही, कारण उभं राहायचा त्रास वाकण्यापेक्षा जास्त. हे पाहून एका पोरीने विचारलं, "मॅडम, वाकून राहते तेव्हा काही म्हणत नाही, मग उभी होतानाच काहून 'आई वं' करते?"

प्रश्न सोपा वाटतो, पण त्यात स्नायुसंस्था आणि अस्थिसंस्था दोन्ही आहेत. आपण वाकायला लागलो की कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू धडाचं वजन तोलून धरतात. वाकत वाकत अगदी खाली गेलं की मात्र हे स्नायू जवळजवळ गप्प होतात. १९५० च्या दशकात स्नायूंमधल्या विजेच्या नोंदी घेऊन हे दाखवून दिलं गेलं. मग वजन धरतं कोण? मणक्यांना एकमेकांशी बांधणारे अस्थिबंध, मणक्यांमधल्या चकत्या आणि पाठीवरची घट्ट आवरणं. अस्थिबंधाला आकुंचन पावावं लागत नाही, म्हणून तो स्नायूसारखा दमत नाही आणि तासन्‌तास वाकून राहणं जमतं. पण ताणाखाली तो हळूहळू लांबत जातो, आणि ताण काढला म्हणून लगेच पहिल्या लांबीला येत नाही. उभं होताना स्नायूंना पुन्हा कामाला लागावं लागतं, तेही आधार सैल पडलेला असताना. 'आई वं' तिथे येतं.

हे सांगून झाल्यावर मी पोरींना बांधीच्या कडेलाच विचारलं, अस्थिबंध कोणती ऊती? संयोजी. हाड? संयोजी. कानाच्या पाळीवरची कूर्चा? संयोजी. कातडीखालची चरबी? तीही. इथवर पाठ होतं. पण वर्गात 'संयोजी ऊती आधार देते' हे वाक्य त्यांनी कितीदा लिहिलं असेल, त्या वाक्यातला 'आधार' कोणाच्या तरी कंबरेत त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. कणा ३३ मणक्यांचा हे पुस्तकात आहेच: मानेत ७, पाठीत १२, कंबरेत ५, त्याखाली जुळून एक झालेले ५ आणि माकडहाडाचे ४. मला त्यातले कंबरेचे ५ पुरतात. मणक्यांमधल्या चकत्यांचं काम पाहायला एका तुकडीने वसतिगृहाच्या भिंतीवर सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री झोपताना एकमेकींची उंची खुणेने नोंदवली. संध्याकाळची खूण जवळजवळ सगळ्यांची खाली आली. दिवसभराच्या वजनाखाली चकत्यांतलं पाणी थोडं बाहेर जातं आणि माणूस एखाद सेंटिमीटरने बुटका होतो. रात्री आडवं झालं की भरून येतं. त्या भिंतीला रंग द्यायचा खर्च नंतर आमच्या माथी आला, ती गोष्ट वेगळी.

आता बोटांची गोष्ट. ही मी जरा सविस्तर सांगणार आहे.

जेवणाच्या सुट्टीत बाया बांधीच्या पाण्यातच हात धुऊन धुऱ्यावर डबे उघडून बसल्या होत्या. सकाळपासून हात पाण्यात, त्यामुळे सगळ्यांच्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या. एक पोरगी पुस्तकातला 'त्वचा' हा धडा मनात ठेवून विचारत होती की कातडी पाणी शोषून फुगते म्हणून असं होतं ना. बहुतेकांना तसंच वाटतं. तेवढ्यात तिच्या शेजारची म्हणाली, "मॅडम, या काकूची करंगळी पाहा बरं."

बाई पन्नाशीच्या. डाव्या हाताची तीन बोटं इतरांसारखीच सुरकुतलेली. करंगळी मात्र गुळगुळीत, कोरडी, जशी सकाळी घरून निघाली तशी. तिच्या शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजू गुळगुळीत आणि दुसरी सुरकुतलेली. एकाच बोटाच्या मधून जणू सीमा आखलेली. करंगळीच्या मागे भाजल्याचा जुना डाग. विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, "ते बोट बहिरं आहे जी. चुलीचा चटकाही समजत नाही त्याले."

पाण्यात बोटं सुरकुततात ती कातडी फुगल्यामुळे नव्हे. तसं असतं तर नस तुटलेल्या बोटालाही सुरकुत्या पडल्या असत्या. १९३६ मध्ये लुईस आणि पिकरिंग या ब्रिटिश संशोधकांनी नोंदवून ठेवलं की हाताची नस निकामी झालेल्या रुग्णांच्या त्या भागाला पाण्यात सुरकुत्या पडत नाहीत. ओलं झाल्यावर स्वायत्त चेतासंस्था बोटाच्या टोकातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळते, आतला मांसल भाग किंचित आक्रसतो आणि वरची कातडी आत ओढली जाऊन घड्या पडतात. ओल्या वस्तू नीट धरता याव्यात म्हणून ही सोय असावी, असं एक मत आहे, आणि २०१३ मधल्या न्यूकॅसलच्या एका अभ्यासात तसं दिसलंही. नंतरच्या अभ्यासात ते तितकंसं टिकलं नाही. ते काही असो, सुरकुती पडायला नस शाबूत लागते एवढं नक्की.

करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग, बरोबर एवढाच पट्टा एका नसेच्या हद्दीत येतो. ती मानेतून निघते, दंडातून खाली उतरते आणि कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या मागून अगदी कातडीखालून जाते. कोपर भिंतीवर आपटलं की करंगळीपर्यंत जी झिणझिणी जाते ती तिचीच. मी काकूंच्या कोपरामागे बोट फिरवलं. मग दोन्ही पोरींना फिरवायला सांगितलं, आधी त्यांच्या स्वतःच्या कोपरावर, मग काकूंच्या. स्वतःच्या कोपरामागे त्यांना ती नस जेमतेम सापडत होती. काकूंच्या कोपरामागे ती जाड दोरीसारखी हाताला लागली. नंतर काकूंना करंगळी आणि अनामिका यांच्या फटीत वहीचं पान घट्ट धरायला सांगितलं. उजव्या हाताने पान ओढून फाटलं, डाव्यातून सहज सुटून आलं. कारण बोटं एकमेकांजवळ आणणारे तळहातातले लहान स्नायूही त्याच नसेवर चालतात.

शरीररचनेचा यापेक्षा चांगला धडा मला पुस्तकात कुठे सापडलेला नाही. एकाच नसेत तीन प्रकारचे तंतू: संवेदना वर नेणारे, स्नायूंना हुकूम देणारे, आणि घाम व रक्तवाहिन्या सांभाळणारे. पहिले गेले म्हणून चटका समजत नाही, दुसरे गेले म्हणून पान सुटतं, तिसरे गेले म्हणून घाम नाही आणि सुरकुतीही नाही. त्वचा, स्नायू, रक्तवाहिनी, चेता. चारही एका करंगळीत.

पोरींना काय सुचायला हवं होतं ते एकीला सुचलं, पण ती बोलेना. गावात तो शब्द मोठ्याने उच्चारायचा नसतो हे तिला माहीत होतं, आणि त्याबद्दल मला तिचं कौतुक वाटलं. पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आहे. त्याचे जंतू शरीरातल्या थंड जागा पसंत करतात, म्हणून कातडी, कानाची पाळ आणि कातडीलगतच्या नसा त्यांना फावतात. कोपरामागची नस त्यात पहिल्या काहींमध्ये. जंतूची वाढ इतकी संथ की लागण आणि लक्षण यांत सरासरी पाचेक वर्षं जातात. नुसत्या सुरकुतीवरून निदान होत नाही, हेही मी पोरींना तिथेच सांगितलं. बधिर चट्टा, जाड झालेली नस, डॉक्टरांची तपासणी, यांवरच ते ठरतं. काकूंच्या दंडावर फिकट चट्टा निघाला. आरोग्य केंद्रात तपासणी झाली, औषधं सुरू झाली. प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिन्यांची गोळ्यांची पाकिटं, तीही मोफत. जंतू गेले तरी गेलेली नस पूर्ण परत येतेच असं नाही. काकूंची करंगळी पुढच्या रोवणीतही गुळगुळीतच होती. चुलीवरचं भांडं उतरवताना फडकं घ्यायची सवय मात्र त्यांना लागली होती.

बोटांकडून पायांकडे. दिवसभर चिखलात उभं राहिलं की पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, भिजते, फाटते. पुस्तकात त्वचेचं काम 'संरक्षण' असं एका शब्दात येतं. ते संरक्षण म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या पेशींचे थर, जे खालून तयार होत वर सरकतात आणि महिन्याभरात झडून जातात. निरोगी माणसाला चिखल्या म्हणजे खाज आणि थोडी आग. पण ज्याच्या पायात हत्तीरोग आहे त्याला ती फट म्हणजे जंतूंसाठी उघडं दार. पाय लाल होतो, तापतो, थंडी वाजून ताप येतो, चार-पाच दिवस माणूस अंथरुणाला खिळतो आणि प्रत्येक वेळी सूज थोडी वाढून मागे राहते.

हे समजायला लसीका संस्था लागते, आणि ती पुस्तकात रक्ताभिसरणाच्या शेपटाला दोन परिच्छेदांत उरकलेली असते. परीक्षेलाही फारसं येत नाही. मला ती सगळ्यांत आधी शिकवावीशी वाटते, निदान या जिल्ह्यात. मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती लगेच कळते. पाळीतून पाणी झिरपतच राहतं, आणि झिरपलेलं पाणी पाटाने वाहून नेलं नाही तर खालची बांधी दलदल होते. केशवाहिन्यांतून दिवसाकाठी सुमारे २० लिटर द्रव ऊतींमध्ये झिरपतो. त्यातला १७ लिटरच्या आसपास परत केशवाहिन्यांतच जातो आणि उरलेला ३ लिटर लसीकावाहिन्या उचलून छातीतल्या नळीवाटे मानेजवळच्या मोठ्या शिरेत आणून सोडतात. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती थोड्या आकुंचन पावतात, आत झडपा असतात, आणि बाकीचं काम शेजारचे स्नायू करतात. पोटरी हलली की लसीका वर चढते. हत्तीरोगाचे प्रौढ कृमी, पांढऱ्या दोऱ्यासारखे, मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब, नेमके या वाहिन्यांत वर्षानुवर्षं मुक्काम करतात. वाहिनी रुंदावते, झडपा मिटेनाशा होतात आणि पाय भरत जातो. पुरुषांत अंडवृद्धी होते. ती लपवली जाते, म्हणून मोजली कमी जाते.

हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रात्री रक्ताचे नमुने घेणाऱ्या कर्मचाऱ्यांबरोबर आमच्या पोरी जायच्या. साडेआठनंतर गावात शिरायचं, टॉर्च, कुत्री, अर्धवट झोपेतली माणसं. "दिवसा काय रक्त नसते का वो?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक गल्लीत. प्रश्न रास्त आहे आणि उत्तर ऐकून लोक खरंच थांबतात. या कृमीची पिल्लं दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्री, साधारण १० ते २ या वेळात, कातडीजवळच्या रक्तात येतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. माणसाच्या रक्तात ही पिल्लं पहिल्यांदा दिसली तीही भारतातच. १८७२ मध्ये टिमोथी लुईस यांनी कलकत्त्यात ती पाहिली. पुढे १८७७ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमध्ये डासाच्या पोटात तीच शोधून काढली.

नमुना काचपट्टीवर जाड थर करून वाळवतात, मग रंगवतात. रंगवलेली पट्टी पाहायला सोपी, पण मेलेली. एकदा प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञांनी पोरींना ताज्या रक्ताचा ओला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तांबड्या पेशींच्या दाटीत एक पारदर्शक धागा वळवळत होता, आणि तो ज्या बाजूला वळेल तिकडच्या पेशी ढकलल्या जात होत्या. पाहणारी पोरगी बराच वेळ डोळा काढेना. तिला कृमीपेक्षा पेशींचं आश्चर्य वाटलं होतं. "मॅडम, या सुट्या सुट्या आहेत," ती म्हणाली. रक्त ही संयोजी ऊती कशी, हा तिचा वर्गातला अडलेला प्रश्न होता. पेशी सुट्या, मधलं द्रव्य पातळ, आणि तेच सगळ्या अवयवांना जोडतं. तिने वहीत पुन्हा लिहून घेतलं नाही. गरज नव्हती.

रक्ताचं नाव निघालं की या भागात सिकलसेल आलाच. आमच्या तुकड्यांत एखादी तरी एएस (वाहक) निघते, कधी एखादीचा भाऊ एसएस (रुग्ण) असतो. सोल्युबिलिटीच्या तपासणीत नळीतलं द्रावण गढूळ झालं आणि मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. वाहक की रुग्ण, हे पुढच्या तपासणीशिवाय सांगता येत नाही, आणि ते न सांगताच गावात बातमी पसरली तर मुलीचं लग्न अडतं. म्हणून पोरींना मी आधी तोंड बंद ठेवायला शिकवते, मग तपासणी. कारण छोटं आहे: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष असल्याचं दाखवलं. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल पेशी १० ते २० दिवस.

हे पुस्तकातही आहे. रोवणीत दिसलेलं पुस्तकात नाही. बाया सकाळपासून दुपारपर्यंत पाणी पीत नाहीत. शेतात आडोसा नसतो, साऱ्या बांध्या उघड्या, लघवीला जायचं कुठे? म्हणून प्यायचंच नाही. इतर बाईला यात डोकेदुखी, फार तर लघवीची जळजळ. पण सिकलसेलच्या रुग्णाचं मूत्रपिंड पाणी वाचवू शकत नाही. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात प्राणवायू कमी आणि क्षार जास्त, तिथे पेशी वाकतात, बारीक वाहिन्या तुंबतात आणि लघवी घट्ट करायची त्याची ताकद लहानपणापासूनच कमी होत जाते. म्हणजे अशा बाईची लघवी पातळच राहते, पाणी जातच राहतं, वरून ती पीत नाही, आणि पाय गार पाण्यात. रात्री हाडं ठणकतात. घरचे म्हणतात, रोवणीचा थकवा. रक्त, मूत्रपिंड, हाड आणि शेतातला नसलेला आडोसा, यांतलं एकही सोडून हे दुखणं समजत नाही. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं ठेवलं गेलं. चांगलंच आहे. पण तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर बांधीवर पाण्याची बाटली आणि चार बांबूंचा आडोसा कोणी करायचा, हे कुठल्याच रकान्यात मला दिसलेलं नाही.

रोवणी आटोपून पोळा आला की दुसऱ्या, कराच्या दिवशी गावोगावी बोकड कापले जातात. त्या दिवसाचं एक हृदय मी सांगून ठेवते. बोकडाचं हृदय रचनेत माणसाच्या हृदयासारखंच, चार कप्प्यांचं. वर्गात चाकू कोण धरणार हा प्रश्न कधी पडत नाही. घरी मासे आणि मटण साफ केलेल्या पोरींचा हात माझ्यापेक्षा स्थिर असतो. डावा कप्पा उघडला की भिंतीची जाडी पाहून त्या आपणहून उजव्याशी ताडून बघतात, आणि डाव्याला अंगभर रक्त ढकलायचं असतं हे मला सांगावं लागत नाही. झडपेच्या कडांना धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या बारीक दोऱ्या चिमट्याने ओढून पाहिल्या की खालचा मांसल उंचवटा हलतो. दोरी संयोजी, उंचवटा स्नायू, आतलं गुळगुळीत अस्तर अभिस्तर. "आणि चेता?" एकीने विचारलं. ती डोळ्यांना दिसत नाही, पण बोकड कापल्यावरही हृदय थोडा वेळ धडधडताना तिने घरी पाहिलं होतं. मग हृदयाच्या स्वतःच्या ठोक्याच्या गाठीवर तो तास गेला, जो माझ्या नियोजनात नव्हता.

परीक्षेत प्रश्न जुनाच येतो: ऊतींचे प्रकार सांगून प्रत्येकाचं उदाहरण द्या. पोरी लिहितात आणि पासही होतात.

या विषयाच्या शिक्षिकांना माझी एक विनंती आहे. ग्रामीण पोस्टिंग बहुतेक शाळा दिवाळीनंतर ठेवतात. रस्ते कोरडे असतात, माणसं घरी भेटतात, रकाने भराभर भरतात. पण तोवर बोटं कोरडी झालेली असतात, चिखल्या भरून आलेल्या असतात, कंबरा सैलावलेल्या असतात, आणि ज्याच्याकडून शिकायचं ते शरीर विश्रांतीला गेलेलं असतं. ज्यांचं क्षेत्र भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या जिल्ह्यांत आहे त्यांनी किमान दोन आठवडे रोवणीत ठेवावेत. सोबत टॉर्च, मच्छरदाणी आणि पिण्याचं पाणी द्यावं, मण्यार-घोणसीची सूचना आधीच द्यावी. आणि धुऱ्यावर दुपारी एकच्या सुमारास, बाया जेवायला बसल्यावरच पोचावं. त्याआधी गेलात तर ओळ मोडते, आणि मग बोलणी खावी लागतात.